तोंडल्याचा मसालेभात: घराणे, माप आणि मोकळी शिते

मसालेभात बिघडतो, तो बहुतेक वेळा आपण त्याला दुसरेच काहीतरी समजून शिजवतो म्हणून. कोणी त्याला पुलाव समजतो आणि बासमतीवर चिमूटभर मसाला भुरभुरतो. कोणी खिचडीच्या हाताने पाणी ओततो. कोणी बिर्याणीसारखे थर लावायला जातो. या चौघांची घराणी वेगळी आहेत. ती नीट कळली की पाणी किती घालायचे, मसाला कधी घालायचा, झाकण कधी ठेवायचे हे पाठ करावे लागत नाही.

आधी घराणी पाहू. ‘बिर्याणी’च्या मुळाशी फारसीतला ‘बिर्यान’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ भाजलेले किंवा परतलेले. बिर्याणीत तांदूळ भरपूर पाण्यात अर्धाकच्चा उकडतात, पाणी काढून टाकतात आणि मग मांसावर थर देऊन दम देतात. हा ‘दम’ही फारसीच. त्याचा अर्थ श्वास, म्हणजे भांड्यातली वाफ भांड्यातच कोंडणे. पुलावाची रीत याच्या उलट. त्यात तांदूळ तुपात परततात, मोजून रस किंवा पाणी घालतात आणि ते सगळे शितात जिरवतात. काढून टाकायला काही उरत नाही. खिचडी तर आपल्याकडे फार जुनी आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाल्ले जातात, असे लिहून ठेवले आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त खिचडीचे माप आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी 5 शेर. तुपाचा हा हात आज कोणाला झेपणार नाही, पण दाणा तुपात न्हाला की चिकटत नाही, ही गोष्ट त्या भटारखान्याला पक्की ठाऊक होती.

दख्खनेतही भाताचा विचार कमी झालेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या जेवणाचा स्वतंत्र भाग आहे, भाताच्या जाती नावाने सांगितल्या आहेत आणि हिंगही जागोजागी येतो. म्हणजे फोडणीतला हिंग आपल्या स्वयंपाकात निदान नऊशे वर्षांचा आहे. मिरची मात्र नवी. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि मिरीवरून तिला नाव मिळाले. बटाटा आणि काजू ही नावेसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आली. फुलकोबी तर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आणली. तोंडली आणि वांगी आपल्या मातीतली. मसालेभातात ती शोभतात आणि फुलकोबी घातली की भात बुळबुळीत होतो, हे काही उगीच नाही. फुलकोबी रस सोडते आणि विरघळते, तोंडले शेवटपर्यंत आकार धरून राहते.

मसालेभाताची रीत पुलावाची आहे, परतून मोजक्या पाण्यात जिरवण्याची. पण पुलावाच्या खाली मांसाचा रस असतो, यखनी असते. आपल्याकडे ती नाही. यखनीची जागा कुटलेला मसाला घेतो. त्यात मुख्य दगडफूल आणि सुके खोबरे. सगळ्या कृतीची किल्ली इथे आहे. मसाला हा वरचा वास नाही, तो या भाताचा रस आहे. म्हणून तो ताजा हवा, पुरेसा हवा आणि तेलातून जायला हवा.

बडोद्यात याला आणखी एक वळण मिळाले. 1734 पासून शहर गायकवाडांकडे राहिले आणि दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागांत मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदली. इथला मसालेभात पुण्याच्या पंक्तीतला असतो तसाच, पण हिवाळ्यात त्यात तुरीचे हिरवे दाणे पडतात, गूळ अंमळ जास्त असतो आणि शेजारच्या गुजराती घरातला वघारेलो भात त्याच्याशी सतत बोलत असतो. वघारेलो भात म्हणजे उरलेल्या भाताला दिलेली फोडणी. त्याला मसालेभात म्हणू नये.

तांदूळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथेच जास्त थांबू. बडोद्याच्या बाजारात मसालेभातासाठी सुरती कोलम किंवा जीरासर घ्यावा. दोन्ही बारीक, आखूड दाण्याचे आहेत आणि मसाला दाण्याला धरून राहतो. आंबेमोहोराचा वास सुंदर असतो, पण तो मऊ शिजतो. घ्यायचाच तर पाणी कमी ठेवा. बासमती टाळा. त्याचा लांब दाणा मसाल्याखाली मोडतो आणि त्याचा स्वतःचा वास दगडफुलाशी भांडतो.

तांदूळ जुना हवा, निदान एक वर्षाचा. साठवणीत दाणा कडक होतो. मग शिजताना त्याच्या अंगातला पिठूळपणा पाण्यात कमी उतरतो, आणि दाणा पाणी जास्त पिऊनही फुटत नाही. नवा तांदूळ लवकर फुटतो, पेज सोडतो आणि सगळे एकमेकांना चिकटते. दुकानदार ‘जुना आहे’ म्हणतो, पण त्याची परीक्षा घरी होते. एक मोठा चमचा तांदूळ दोन वाट्या उकळत्या पाण्यात 10 मिनिटे ठेवा. पाणी घट्ट पांढरे झाले आणि दाण्याची टोके फाटली, तर तो नवा. पाणी जरासेच गढूळ आणि दाणा अखंड, तर जुना. नवाच हाती असेल तर वाटीमागे पाव वाटी पाणी कमी करा आणि परतण्याचा वेळ दोन मिनिटांनी वाढवा.

धुणे तीन पाण्यांत, हलक्या हाताने. चोळलात तर दाणा मोडतो आणि मोडलेला दाणा पेज सोडतो. धुतल्यावर भिजत ठेवू नका. चाळणीत किंवा रोवळीत 30 मिनिटे निथळत ठेवा. या अर्ध्या तासात दाणा जेवढे पाणी घ्यायचे तेवढे घेतो आणि वरून कोरडा होतो. ओला तांदूळ कढईत टाकला की तो परतला जात नाही, वाफवला जातो, आणि पीठ सुटते.

मसाला

इथे दिलेली मापे 200 मिलीच्या वाटीची आहेत. 2 वाट्या तांदूळ म्हणजे सुमारे 350 ग्रॅम, पाच-सहा माणसांना पोटभर. लहान चमचा 5 मिलीचा, मोठा 15 मिलीचा.

धणे 2 मोठे चमचे, जिरे 1 लहान चमचा, शहाजिरे अर्धा लहान चमचा, पांढरे तीळ 1 मोठा चमचा, किसलेले सुके खोबरे 2 मोठे चमचे, लवंगा 4, दालचिनीचा 1 इंचाचा तुकडा, काळी मिरी 8, नागकेशर 4, तमालपत्र 1, दगडफूल चुरून 1 मोठा चमचा आणि सुक्या लाल मिरच्या 2. दगडफूल निवडून घ्या. त्यात झाडाच्या सालीचे तुकडे आणि कधी कधी वाळू असते. पाण्याने धुवायचे असेल तर आदल्या दिवशी धुवून उन्हात वाळवा. ओले दगडफूल भाजताना करपते आणि कडू होते.

सगळे एकदम भाजू नका. कढईत अर्धा चमचा तेल घालून मंद आचेवर आधी लवंग, दालचिनी, मिरी, नागकेशर आणि तमालपत्र अर्धा मिनिट. मग धणे, ते बदामी होऊन वास सुटेपर्यंत, साधारण 3 मिनिटे. त्यावर जिरे, शहाजिरे आणि मिरच्या. दगडफूल फक्त 20 सेकंद. ते काळपट दिसते म्हणून करपले की नाही ते डोळ्याला कळत नाही; नाकाने ओळखा. तीळ वेगळे, तडतडेपर्यंत. खोबरे सगळ्यात शेवटी, आच बंद करून तापल्या कढईत, तांबूस होईपर्यंत. गार झाल्यावर वाटा आणि मिक्सर थांबवून थांबवून चालवा, नाहीतर तीळ आणि खोबरे तेल सोडून गोळा करतात. एवढ्यातून लागतो त्यापेक्षा थोडा जास्त मसाला होतो. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत पंधरवडा चांगला राहतो, पुढे खोबऱ्याला खवट वास येतो.

घरातला गोडा मसाला चालतो का? चालतो. 3 मोठे चमचे घ्या, पण त्यात अर्धा लहान चमचा ताजी भाजलेली धणे-जिरे पूड मिसळा. महिनोन्‌महिने बाटलीत राहिलेल्या गोड्या मसाल्याचा रंग टिकतो, वास टिकत नाही.

तोंडली आणि दाणे

तोंडली 250 ग्रॅम. खंडेराव मार्केटमध्ये किंवा कुठल्याही भाजीवाल्याकडे टिंडोळा अथवा गिलोडा म्हणून मागा. करंगळीएवढी, घट्ट, आतून पांढरी-हिरवी हवीत. एक मोडून पाहा. आत लाली आली असेल तर ते पिकायला लागलेले असते, शिजल्यावर आंबट आणि लिबलिबीत होते. दोन्ही टोके काढून उभे चार भाग करा. चकत्या केल्या तर त्या झाऱ्याखाली मोडतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. दाणे सोलून 1 वाटी घ्या. कोवळे असतील तर थेट भातात. नखाने दाबल्यावर कडक वाटत असतील तर आधी 5 मिनिटे उकळत्या पाण्यात. उन्हाळ्यात हा भाग सोडून द्या. मटार घालता येतो, पण तो गोडवा वेगळा. दोन लहान वांगी चार भाग करून घातली तरी शोभतात, मात्र पाणी पाव वाटीने कमी करा.

कृती

जाड बुडाचे पातेले घ्या. 4 मोठे चमचे तेल तापवा. अर्धा लहान चमचा मोहरी तडतडली की पाव लहान चमचा हिंग, 10-12 कढीपत्त्याची पाने, 2 उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, 10 काजू आणि अर्धा लहान चमचा हळद. हळदीनंतर थांबू नका, लगेच तोंडली टाका, नाहीतर हळद करपून भाताचा रंग मातकट होतो. तोंडल्यांवर पाव लहान चमचा मीठ आणि 2 मोठे चमचे घट्ट दही घालून मध्यम आचेवर 6-7 मिनिटे परता. वर झाकणात पाणी ठेवले तर वाफ धरते. तोंडली या वेळी अर्धी शिजली पाहिजेत: सुरी टोचल्यावर शिरते पण मध्ये अडते. ती कच्ची असताना तांदूळ टाकला तर तांदूळ 15 मिनिटांत होतो आणि तोंडले कचकचीत राहते. दही पाणी सोडेल, ते पूर्ण आटू द्या. दही आंबट नसावे.

आता निथळलेला तांदूळ. मध्यम आचेवर 4 मिनिटे परता, उलथन्याने खालून वर, गोल घुसळून नाही. दाण्याच्या कडा दुधाळ होतात आणि आवाज बदलतो: आधीची ओली सळसळ जाऊन कोरडी खसखस ऐकू येते. तेव्हाच मसाला, 2 भरगच्च मोठे चमचे. एक मिनिटाहून कमी परता. मसाला तांदळाआधी तेलात टाकला तर तळाला चिकटून जळतो. पाण्यात टाकला तर कच्चा राहतो आणि वर तरंगतो. तांदळावर टाकला तरच त्याला तेलही मिळते आणि बसायला जागाही.

पाणी शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवलेले असावे. थंड पाणी ओतले की तापलेल्या दाण्याची वाढ थांबते आणि बाहेरून फाटून आतून गोटी राहते. जुन्या कोलमाला किंवा जीरासराला 2 वाट्यांना 4 वाट्या पाणी. आंबेमोहोराला साडेतीन. पाण्यात सपाट 2 लहान चमचे मीठ आणि सुपारीएवढा गूळ. ढवळून पाणी चाखा: ते आमटीहून किंचित खारट लागले पाहिजे, कारण तांदूळ मीठ खातो. मीठ नंतर वरून घातले तर शितात शिरत नाही. तुरीचे दाणे याच वेळी.

मोठ्या आचेवर झाकण न ठेवता उकळा. 6-7 मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येते आणि पृष्ठभागावर छोटी भोके दिसतात. याच क्षणी आच अगदी मंद करा, पातेल्याखाली तवा सरकवा, घट्ट झाकण ठेवा आणि 10 मिनिटे हात लावू नका. झाकण उघडून बघण्याचा मोह होतो. प्रत्येक वेळी वाफ जाते आणि वरचा थर कच्चा राहतो. जुन्या घरांत झाकणावर निखारे ठेवत, म्हणजे भाताला खालून आणि वरून सारखी ऊब मिळे. दम देणे म्हणजे तेच. 10 मिनिटांनी आच बंद आणि झाकण लावूनच 15 मिनिटे विश्रांती. या वेळात शिताच्या बाहेरचा ओलावा आत जातो. थेट वाढायला घेतले तर चांगला शिजलेला भातही मोडतो.

विश्रांतीनंतर कडेने काटा किंवा उलथने घालून हलवा. वर 2 मोठे चमचे साजूक तूप, पाव वाटी ओले खोबरे, मूठभर कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. उरलेल्या मसाल्यातला 1 लहान चमचा आता भुरभुरला तर वास उठून येतो.

कुकरमध्ये करायचा असेल तर वरच्याच रीतीने परतून पाणी साडेतीन वाट्या ठेवा, मध्यम आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर 4 मिनिटे. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर भात उसळतो आणि दाणे फुटतात.

काय बिघडते

भात गिचगोळा झाला तर बहुधा तांदूळ नवा होता, निथळला नव्हता किंवा पाणी उकळते नव्हते. त्याला आता वाचवता येत नाही, पण परातीत पातळ पसरून पंख्याखाली 10 मिनिटे ठेवला तर खाण्याजोगा होतो. वरची शिते कच्ची आणि तळ झालेला असेल तर पाव वाटी उकळते पाणी कडेने शिंपडा, झाकणावर ओले फडके ठेवून मंद आचेवर 5 मिनिटे. तळ लागल्याचा वास आला तर ढवळू नका. वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा आणि लागलेला तसाच सोडा. एकदा करपलेला भात मिसळला की सगळ्या पातेल्याला चव येते. भात कडू लागला तर संशय दगडफुलावर किंवा तिळावर घ्या. रंग छान पण चव पोकळ असेल, तर मसाला शिळा होता किंवा पाणी उकळायला लागल्यावर घातला होता. मीठ कमी पडले तर कोरडे मीठ भुरभुरू नका, मठ्ठ्यात वाढवा.

पन्नास माणसांसाठी

पंक्तीत वरण, पोळी, भाजी असेल तर माणशी 75 ते 80 ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे 4 किलो. इथे घरचे माप बाराने गुणले की फसते. पातेले जितके मोठे, तितकी तांदळाच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पाणी दुपटीऐवजी पावणेदोन पट. 4 किलो तांदूळ आकारमानाने सुमारे 4.8 लिटर भरतो, त्याला 8.4 लिटर पाणी. तेल अर्धा लिटर पुरे. अख्ख्या मसाल्यांचे माप बाराऐवजी नऊ पट. मीठ आधी 120 ग्रॅम, मग पाणी चाखून. पातेले निदान 20 लिटरचे हवे, पितळी असेल तर कल्हई ताजी असावी, कारण दही आणि लिंबू पितळेला लागतात. एवढा मोठा साठा आच बंद केल्यावरही बराच वेळ आतून शिजत राहतो. म्हणून शितात मधोमध बारीक कणी उरलेली असतानाच आच काढा आणि 25 मिनिटे झाकून ठेवा.

सोबत मठ्ठा: 1 वाटी दही, 3 वाट्या पाणी, किसलेले आले, मीठ, चिमूटभर साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. हिंगाची फोडणी इथे नको, भातात आहे.

उरला तर बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासाहून जास्त बाहेर ठेवू नका. शिजल्या भातातले जिवाणू उष्म्यात वाढतात आणि पुन्हा तापवल्यावर त्यांचे विष जात नाही. रुंद ताटात पसरून लवकर गार करा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी 2 मोठे चमचे गरम पाणी शिंपडून, झाकून, मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवा आणि तूप पुन्हा नव्याने वाढा.